वारा जात विचारत नाही, निवारा विचारतो

ऑक्टोबर महिना म्हटला की आपल्याला १४ तारीख आठवते. नागपूरची दीक्षाभूमी, अशोक विजयादशमी, निळ्या झेंड्यांनी भरलेले रस्ते. त्याच महिन्यातली २९ तारीख मात्र आपल्या कोणत्याच दिनदर्शिकेत नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या जगतसिंहपूर जिल्ह्यात समुद्र गावात शिरला. त्या चक्रीवादळात सरकारी आकड्यानुसार ९,८८५ माणसे मेली. त्यांतली आठ हजारांहून अधिक एकट्या जगतसिंहपूरची होती.

दुसरी एक तारीख सांगतो. ८ नोव्हेंबर १९४५. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कटकमध्ये होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री या नात्याने ते महानदीच्या पुरांवर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषवत होते. जगतसिंहपूर हा जिल्हा त्याच महानदीच्या मुखाजवळचा. म्हणजे ज्या मातीत १९९९ साली हजारो माणसे बुडून मेली, त्या मातीतल्या माणसांचे पाण्यापासून रक्षण कसे करायचे, हा विचार बाबासाहेबांनी ५४ वर्षे आधी मांडला होता. या दोन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे.

हे बोलायला लागले की लगेच एक प्रश्न येतो. चक्रीवादळात तुम्ही जात कुठून आणली? वारा काय जातीचा दाखला बघून वाहतो? आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करत असताना वर्गात हाच प्रश्न विचारला गेला होता आणि वर्ग हसला होता. तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो. वारा जात विचारत नाही, हे अगदी खरे. पण वारा येण्याच्या कितीतरी आधी गावात सगळी मांडणी होऊन गेलेली असते. उंचावर कोण राहणार, सखल भागात कोण राहणार, पक्के घर कोणाचे, कुडाचे कोणाचे, सातबारा कोणाच्या नावावर, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे आणि वादळ गेल्यावर कुजलेली प्रेते कोणी उचलायची. ही मांडणी वाऱ्याने केलेली नाही.

समुद्र कसा येतो

आधी घटना नीट समजून घेऊ. २५ ऑक्टोबरला अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तो वायव्येकडे सरकत सरकत बळावत गेला आणि २८ तारखेला त्याचे 'सुपर सायक्लोन' झाले. २९ तारखेला दुपारच्या सुमारास ते पारादीप बंदराच्या दक्षिणेला, एरसमा आणि बालिकुदा यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या घरात होता. किनारा ओलांडल्यावर अशी वादळे सहसा लवकर विरतात. हे वादळ मात्र दीड दिवस ओडिशावरच रेंगाळले आणि पाऊस ओतत राहिले. राजधानी भुवनेश्वरचा उर्वरित देशाशी संपर्क तुटला. टेलिफोन बंद, वीज बंद, रस्त्यांवर झाडे आडवी. हॅम रेडिओवाल्या हौशी मंडळींनी सुरुवातीचे निरोप बाहेर पोहोचवले.

पण वाऱ्याने मेलेल्यांपेक्षा पाण्याने मेलेले कितीतरी जास्त होते, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवली पाहिजे. चक्रीवादळ समुद्राचे पाणी आपल्यापुढे ढकलत आणते. बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडचा तळ उथळ आहे, त्यामुळे ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागा मिळत नाही, ते वर चढते. समोरची जमीन नदीच्या गाळाने बनलेली, सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम उंच. मग पाच-सहा मीटर उंचीचे उधाण गावांवरून पुढे जाते. पाच-सहा मीटर म्हणजे दुमजली घराएवढे पाणी. त्यापुढे कुडाची झोपडी काय टिकणार? झाडावर चढलेले काही वाचले. ज्यांच्या गावात दुमजली पक्की इमारत होती आणि तिचे दार त्यांच्यासाठी उघडे होते, तेही वाचले.

ही आपत्ती 'अचानक' आली, असे तेव्हा सांगितले गेले. इतिहास काय सांगतो? सप्टेंबर १८८५ मध्ये याच पट्ट्यात, महानदीच्या मुखाजवळच्या फॉल्स पॉइंटवर, असेच वादळ आले होते आणि हजारो माणसे बुडाली होती. ऑक्टोबर १९७१ च्या अखेरीस पुन्हा पारादीपजवळ वादळ आले, सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर बरोबर २८ वर्षांनी, त्याच किनाऱ्यावर, त्याच ऑक्टोबरअखेरीला १९९९ चे वादळ आले. याच किनाऱ्यावर पारादीपचे मोठे बंदर उभे राहिले, खनिजाची जहाजे परदेशी जाऊ लागली. माणसांसाठी काय उभे राहिले? १९९९ साली ओडिशाच्या सगळ्या किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेले २३ चक्रीवादळ निवारे होते. फक्त २३. त्या २३ इमारतींनी हजारो जीव वाचवले. बाकीच्यांच्या वाट्याला इमारतच नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, १९७१ चे मृत्यू एक वेळ निसर्गाच्या खात्यावर टाका. १९९९ चे मृत्यू राज्यव्यवस्थेच्या खात्यावरच टाकावे लागतील.

सखल जमीन कोणाच्या वाट्याला

जगतसिंहपूर जिल्ह्यात जवळपास पाचातला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे. पाण, कंडरा, बाउरी अशा जाती त्या भागात आहेत. आपल्याकडे जशी गावकुसाबाहेरची वस्ती, तशीच तिकडे 'साही' म्हणजे जातवार वेगळी वस्ती. गावातली उंच, कोरडी जागा जुन्या जमीनदारांची आणि शेतकरी जातींची. ओढ्याकाठची, खाजणातली, पाणी तुंबणारी जागा आपल्या माणसांची. जमीन नसेल तर पक्के घर बांधायला कर्ज कोण देणार? कर्ज नसेल तर भिंत मातीची आणि छप्पर गवताचे. मातीची भिंत पाण्यात अर्धा तासही उभी राहत नाही. जातीचा इतिहास इथे भिंतीच्या जाडीत मोजता येतो.

समुद्राच्या अगदी काठावर आणखी एक समूह होता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित आणि त्यांच्या मागून आलेली माणसे. त्यांच्यात नामशूद्र होते, मच्छीमार होते, शेतमजूर होते. ज्या जागेवर कोणीच राहायला तयार नव्हते, तिथे त्यांनी खाजण उपसून शेती केली. नामशूद्र हे नाव ऐकून आपल्या मनात काहीतरी हलले पाहिजे. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याची वाट बंद झाली, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या दलित आमदारांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. ज्या समाजाने हे केले, त्या समाजाची माणसे फाळणीने देशोधडीला लागली आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला समुद्राच्या तोंडची जमीन आली.

अशा माणसांची नावे मतदार यादीत असतील तर असतील, रेशनकार्ड असेल तर असेल. मेल्यावर त्यांना मोजणार कोण? आणि जे वाचले त्यांचे काय झाले? २००५ च्या जानेवारीत शेजारच्या केंद्रपाडा जिल्ह्यात १,५५१ बंगाली माणसांना घुसखोर ठरवून देश सोडण्याच्या नोटिसा बजावण्यात आल्या. वादळाने घर नेले, सरकारने देश नेला.

किनाऱ्यावर खारफुटीचे जंगल होते, तेही कमी होत गेले. बंदर, वसाहती, भातशेती आणि नंतर कोळंबीच्या तळ्यांसाठी ते तोडले गेले. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रपाड्यातल्या शेकडो गावांचा अभ्यास करून २००९ साली दाखवून दिले की, ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, तिथे १९९९ मध्ये माणसे कमी मेली. कोळंबी निर्यात होते, नफा शहरात जातो. उधाण मात्र खाजणातल्या झोपडीत येते.

सूचना मिळाली, पण जायचे कुठे

हवामान खात्याने इशारे दिले होते. आकाशवाणीवरून ते सांगितलेही गेले. मग माणसे हलली का नाहीत? अडाणी होती, अंधश्रद्धाळू होती, असे उत्तर शहरातले लोक पटकन देतात. आम्ही उलटा प्रश्न विचारतो. ज्याच्या घरी एक म्हैस, चार भांडी आणि पोतेभर भात एवढीच मालमत्ता आहे, त्याने ती टाकून जायचे कुठे? ट्रक कोणाकडे आहे? पक्क्या घरात नातेवाईक कोणाचे आहेत? सवर्णांच्या ओसरीवर रात्र काढायची मुभा कोणाला आहे? इशारा सगळ्यांना सारखाच ऐकू येतो, पण तो पाळायची ऐपत सगळ्यांकडे सारखी नसते.

हे ओडिशापुरतेच नाही. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशात कृष्णा नदीच्या मुखाशी, दिविसीमा भागात, असेच उधाण आले. सरकारी आकडा दहा हजारांच्या आसपास, लोकांचा अंदाज त्याच्या कितीतरी पट. किनाऱ्याजवळ मोलमजुरीला आलेल्या कित्येकांची कुठे नोंदच नव्हती, म्हणून तो आकडा आजही वादात आहे. पीटर विंचेस्टर नावाच्या अभ्यासकाने त्या प्रदेशाचा पुढे दहा वर्षे मागोवा घेतला आणि १९९२ साली पुस्तक लिहिले. त्याच्या अभ्यासाचे सार असे की, एकाच वादळात सापडलेली दोन कुटुंबे सारखी उद्ध्वस्त होत नाहीत. ज्याच्याकडे जमीन, पत आणि ओळखी आहेत तो काही वर्षांत पुन्हा उभा राहतो. ज्याच्याकडे त्या नाहीत तो सावकाराकडे जातो आणि पुढचे वादळ येईपर्यंत कर्ज फेडत राहतो.

ओडिशाच्या वादळावर निवेदिता राय-बेनेट यांचा अभ्यास आहे. एकामागून एक आपत्ती आल्यावर जात, वर्ग आणि स्त्रीत्व या तिन्ही गोष्टी एकत्र येऊन कोण तगेल ते कसे ठरवतात, हे त्यांनी मांडले. आपल्या स्त्री कार्यकर्त्यांनी हा अभ्यास मिळवून जरूर वाचावा. नवरा स्थलांतरित मजूर, घरी बाई आणि तीन लेकरे, अशा कुटुंबाचा पंचनामा कसा होतो आणि मदतीच्या रांगेत तिचा नंबर कितवा लागतो, हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिलेले आहे.

प्रेत कोणी उचलायचे

एरसमा भागात पाणी ओसरल्यावर शेतात, ओढ्यात, बांधाच्या कडेला माणसांची आणि गुरांची प्रेते पडून होती. आठवडे उलटले तरी ती सापडतच होती.

प्रेत ही जातव्यवस्थेची सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. जिवंत माणसे भाषणात समता बोलतात, प्रेतापाशी सगळे उघडे पडते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तमिळनाडूच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांच्या आसपास माणसे मेली. तिथे काय झाले, याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी करून ठेवल्या आहेत. प्रेते काढायला दुसऱ्या शहरांतून सफाई कामगार आणले गेले. बहुतेक सगळे दलित. कित्येकांनी हातमोज्यांशिवाय, मुखपट्टीशिवाय ते काम केले. आणि त्याच किनाऱ्यावर दलित आपत्तीग्रस्तांना मदत छावण्यांत इतरांबरोबर राहू दिले जात नव्हते. मेलेल्यांना हात लावायला दलित चालतो, जिवंतांच्या शेजारी झोपायला चालत नाही.

लक्षात घ्या, त्या छावण्यांत दलितांना नाकारणारे काही राजवाड्यात राहणारे लोक नव्हते. तेही घरदार गमावलेले, रडून डोळे सुजलेले मच्छीमार होते. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती हीच. वरच्याच्या लाथेने कळवळणारा खालच्याला लाथ मारायला विसरत नाही. समुद्राने सगळ्यांना एकाच पाण्यात बुडवले, तरी बाहेर आल्यावर पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या. ज्यांना वाटते की मोठे संकट आले की जात आपोआप गळून पडते, त्यांनी नागपट्टिणम विसरू नये.

कटक, १९४५

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. आपण मजूरमंत्री आंबेडकर म्हणतो तेव्हा कामाचे तास, विमा, प्रसूती रजा हे आठवते. नद्या आठवत नाहीत. दामोदर, महानदी, सोन या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया त्याच काळात घातला गेला. १९४५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन आयोग स्थापन झाला, तोही याच खात्याखाली.

कटकची परिषद नदीच्या पुरांविषयी होती, चक्रीवादळाविषयी नव्हती, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण तिथे त्यांनी जी विचारपद्धती वापरली ती आपल्या कामाची आहे. ओडिशात पूर येतो, दुष्काळ येतो, मलेरिया येतो, माणसे मरतात. त्याआधी अनेक समित्या नेमल्या गेल्या होत्या. जाणकारांचे अहवाल धूळ खात होते. बहुतेकांचा सूर असा की पाणी जास्त झाले हाच रोग, म्हणून ते लवकरात लवकर समुद्राकडे वाहून जाऊ द्यावे. बाबासाहेबांनी ही दृष्टीच चुकीची ठरवली. पाणी ही संपत्ती आहे, आपत्ती नव्हे. माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने जास्त मरतो. म्हणून पाणी साठवा, त्यापासून सिंचन करा, वीज करा, नौकानयन करा आणि पुरालाही आवर घाला, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या भाषण आणि लेखनाच्या शासकीय ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात या काळातले साहित्य आहे. वस्तीवरच्या वाचनालयात तो खंड असतो, बहुतेक वेळा कोऱ्या पानांसकट. एकदा उघडून पाहा.

या भाषणाचा गाभा कोणता? दैव नाकारणे. ओडिशाची गरिबी हे तिच्या नशिबाचे फळ नाही, साधनसंपत्ती असून ती नीट न वापरल्याचा परिणाम आहे, ही ती भूमिका. पुढे अकरा वर्षांनी त्यांनी आपल्याला जो धम्म दिला त्याचा पायाही हाच आहे. कारणाशिवाय काही घडत नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा फक्त वर्षावासात ऐकायचा शब्द नाही. दहा हजार माणसे का मेली, या प्रश्नाला 'समुद्रदेवाचा कोप' असे उत्तर मिळाले की तपास संपतो. कारणांची साखळी शोधायला निघालो की झोपडी, जमीन, जंगल, निवारा, सूचना, सरकार अशी एकेक कडी हाताला लागते. आणि कडी हाताला लागली की ती तोडता येते.

इथे आपण स्वतःशीही प्रामाणिक राहू. महानदीवर हिराकूड धरण झाले. १३ जानेवारी १९५७ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर महिनाभराने, त्याचे उद्घाटन झाले. त्या धरणाने लाखाहून अधिक माणसे उठवली. त्यांत आदिवासी आणि दलित मोठ्या संख्येने होते आणि कित्येकांना धड मोबदलाही मिळाला नाही. धरणांत गाळ अडतो, त्यामुळे नदीमुखाच्या प्रदेशाला मिळणारी माती घटते आणि समुद्र किनारा खात पुढे सरकतो. केंद्रपाड्यातले सातभाया हे गाव असेच समुद्राने गिळले. बाबासाहेबांनी पाण्याचे नियोजन सांगितले. ते राबवणाऱ्या व्यवस्थेने खर्च कोणाच्या माथी मारायचा हे नेहमीप्रमाणे ठरवले. आंबेडकरवादी म्हणून धरणाच्या फोटोला हार घालून आपले काम संपत नाही.

मरण टळले, पण मान मिळाला का

१९९९ नंतर ओडिशात खरा बदल झाला, आणि त्याचे श्रेय द्यायला आम्हाला संकोच नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, देशातले हे अशा प्रकारचे पहिले पाऊल होते. २३ निवाऱ्यांचे पुढे आठशेहून अधिक झाले. राज्याचे आपत्ती कृती दल उभे राहिले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, भोंगे बसले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपालपूरला 'फायलिन' आदळले. वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे. सुमारे दहा लाख माणसे आधीच हलवली होती. मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ 'फनी' आले, तेव्हा बारा लाख माणसे हलवली गेली.

दहा हजारांवरून पन्नासवर. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की ते दहा हजार मृत्यू टाळता येण्यासारखे होते. निसर्गाची ताकद कमी झाली नव्हती, राज्याची इच्छा वाढली होती. 'नैसर्गिक आपत्ती' या शब्दाची पोकळी दाखवायला यापेक्षा मोठा पुरावा नको.

पण गोष्ट इथे संपत नाही. फनीच्या वेळी पुरी जिल्ह्यातल्या काही दलित कुटुंबांना निवाऱ्यात घेतले नाही, अशा बातम्या आल्या. वारा सुटलेला, पाऊस सुरू झालेला, आणि सरकारी पैशाने बांधलेल्या इमारतीच्या दारात जात उभी. चवदार तळ्यालाही हेच होते. तळे सार्वजनिक, ठराव मंजूर, पण पाणी नाही. १९२३ चा बोले ठराव कागदावर होता, म्हणूनच १९२७ मध्ये महाडला जावे लागले.

आपल्याकडे कायदा आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ सांगते की, आपत्तीग्रस्तांना मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. किती कार्यकर्त्यांना हे कलम माहीत आहे? आम्ही शिबिरांत विचारतो तेव्हा एखादाच हात वर होतो. आणि या कलमातली मेखही पाहा. याच कायद्यात गुन्हे आणि शिक्षांचे प्रकरण कलम ५१ ते ६० असे आहे. भेदभावबंदीचे कलम त्याच्या पुढे, संकीर्ण प्रकरणात ठेवले आहे. खोटी सूचना पसरवणाऱ्याला शिक्षा आहे. निवाऱ्याचे दार बंद करणाऱ्यासाठी या कायद्यात नेमकी शिक्षा नाही, त्यासाठी अॅट्रॉसिटी कायद्याचा आधार घ्यावा लागतो.

आपला किनारा

हे सगळे दूरच्या ओडिशातले, आपल्याला काय, असे कोणी म्हणू नये. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यात आले. टाळेबंदीचे दिवस होते. आम्ही काही जण ताडपत्र्या आणि धान्य घेऊन तिकडच्या बौद्धवाड्यांत गेलो होतो. एका वाडीत सत्तरीच्या एक आजी कौले उडालेल्या घरात बसल्या होत्या. पंचनामा झाला का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "येऊन गेले बाबा. वाडी बघून गेले. माझी वाडी कुठाय? मी तर दुसऱ्याच्या वाडीत सुपाऱ्या गोळा करते."

कोकणात 'वाडी' म्हणजे वस्तीही आणि नारळी-पोफळीची बागही. सरकारने मोजली ती बाग. भरपाई आधी हेक्टरवर, मग झाडांवर. ज्याच्या नावावर झाड त्याला पैसे. झाडाखाली चाळीस वर्षे वाकून काम केलेल्या बाईचा रोजगार पुढची आठ-दहा वर्षे, नवी झाडे फळाला येईपर्यंत, बुडाला. त्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. घराचे म्हणाल तर नमुना आठचा उतारा मरण पावलेल्या दिराच्या नावावर. आजींना आम्ही एक ताडपत्री दिली आणि परत आलो. ताडपत्रीपेक्षा जास्त काही देता आले नाही, ही सल अजून आहे.

बागा त्यांच्या नावावर का आणि आजींच्या नावावर का नाहीत? याचे उत्तर खोतीत आहे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे खोती गेली, कुळ कायदा आला, पण ज्यांची कुळ म्हणूनही नोंद नव्हती ते भूमिहीनच राहिले. २०२० सालचा पंचनामा १९३७ सालच्या अपुऱ्या राहिलेल्या लढ्यावर उभा होता.

म्हणून ठोस कामे सांगतो. आपापल्या तालुक्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा माहितीच्या अधिकारात मागा. निवारा म्हणून कोणती इमारत दाखवली आहे आणि ती आपल्या वस्तीपासून किती लांब आहे, ते चालत जाऊन मोजा. किल्ली कोणाकडे असते ते विचारा. गावाच्या आपत्ती समितीत आपल्या वस्तीतली एक बाई आणि एक तरुण असलाच पाहिजे, असा ग्रामसभेत ठराव घ्या. वस्तीतल्या प्रत्येक घराचा नमुना आठ कोणाच्या नावावर आहे ते पावसाळ्याआधी तपासा आणि वारसनोंदी करून घ्या. भरपाईच्या निकषांत शेतमजुरांच्या बुडालेल्या रोजगाराचा समावेश करा, ही मागणी प्रत्येक निवेदनात लिहा. मृत, जखमी आणि लाभार्थी यांची जातवार आकडेवारी मागा. आकडा नसला की अन्यायही नसतो, हे सरकारचे जुने गणित आहे.

अरबी समुद्र तापतो आहे आणि पश्चिम किनाऱ्यावरची वादळे वाढत आहेत. २०२० मध्ये निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. पुढचे कधी येईल ते हवामान खाते चार दिवस आधी सांगेल. त्या चार दिवसांत जमीन मिळत नाही, घर पक्के होत नाही, उताऱ्यावर नाव चढत नाही. ती कामे आज करायची आहेत.

येत्या २९ ऑक्टोबरला आपल्या विहारात एक मेणबत्ती एरसमाच्या माणसांसाठी लावू या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी कार्यालयात जाऊ या.

जय भीम.